अख्ख्या गावाला ठाऊक असलेली गोळी

माझं लग्न सदतिसाव्या वर्षी झालं आणि त्यात पंगतही मीच वाढली. त्याआधी तीन भावंडांची लग्नं मी लावून दिली होती, त्यामुळे मांडवात हातावर हात ठेवून बसायची सवयच नव्हती. आई मागून ओरडत होती, "अवं, तू नवरी हायेस, बस ना एका जाग्यावर." वरणाची बादली माझ्या हातात आणि माणसं ताटं पुढे करून बसलेली, बसू कशी? नवरदेवानंही निमूटपणे ताट पुढे केलं आणि म्हणाला, "थोडं वरण." तेव्हाच तो मला पटला.

वडील अकोल्याच्या गिरणीत होते. मी विशीत असताना ते गेले, आणि मी अमरावतीला शिक्षिका झाले. सकाळी शाळेत गणित, संध्याकाळी राजापेठेतल्या भाड्याच्या खोलीत पुन्हा गणित. भावंडं शिकली, नोकऱ्यांना लागली, आपापल्या घरी गेली. मग एका रविवारी आईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घरातच आहे हे तिला नुकतंच दिसलं. त्यानंतर वर्षभरात माझं लग्न झालं.

नवरा कृषी सहायक. बाळापूरकडच्या एका गावी त्याची नेमणूक. तोही चाळिशीला टेकलेला, आजारी आई-वडिलांचं करता करता लग्न राहून गेलेला. मी येण्याआधीच ते दोघं गेले होते. भाऊ नाही, बहीण नाही. माझ्या शाळेतल्या बाया म्हणायच्या, नणंद नाही, जाऊ नाही, तू तर नशीब काढलंस. तो शनिवारी संध्याकाळी अमरावतीला यायचा आणि सोमवारी पहाटेच्या बसनं परत जायचा. येताना पिशवीत कधी तुरीच्या शेंगा, कधी ओला हरभरा. स्वयंपाकघरात एका ओल्या गोणपाटात सोयाबीनचे दाणे गुंडाळून ठेवायचा, बियाणं किती उगवतं ते पाहायला. मी एकदा ओलं पोतेरं समजून ते झटकलं, तर घरात पहिलं भांडण झालं.

दीड वर्ष होऊन गेलं तरी काही चाहूल लागेना, तेव्हा आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई स्पष्टवक्त्या होत्या. "वय झालंय, ते मी खोटं सांगणार नाही," त्या म्हणाल्या, "पण प्रयत्न करण्यासारखं आहे. आधी दोघांच्याही तपासण्या करा. नुसत्या बाईच्या नाही."

आयुष्यभर लोकांच्या वावरातले मातीचे नमुने गोळा करून सावलीत वाळवणारा हा माणूस, स्वतःचा नमुना द्यायची वेळ आली तेव्हा घामाघूम झाला. बाटली हातात घेऊन त्यानं तिथल्या सिस्टरला विचारलं, "सावलीत ठेवायचा का?" सिस्टर तोंडाला रुमाल लावून आत पळाली. त्याचा अहवाल मात्र उत्तम आला, आणि तो दोन दिवस जरा छाती काढून चालला. अडचण माझ्याकडे होती. बीज दर महिन्याला वेळेवर सुटत नव्हतं.

बाई म्हणाल्या, आधी दोन-तीन महिने गोळीशिवायच पाहू. मी सोनोग्राफी करून दिवस सांगते, त्या दिवसांत नवऱ्यानं इथं हजर पाहिजे. नाही जमलं तर गोळी. पाळी आली की ठरलेल्या दिवसापासून पाच दिवस घ्यायची, म्हणजे बीज तयार व्हायला मदत होते. "अंगातून गरम वाफा येतील. चिडचिड होईल," बाईंनी सांगितलं. नवरा छताकडे पाहू लागला. "क्वचित जुळं होतं. आणि ही गोळी काही महिनेच द्यायची असते, वर्षानुवर्षं नाही. घाई करू नका, पण फार विचार करत बसायला वेळही नाही तुमच्याकडे."

आता हे हजर राहणं म्हणजे काय होतं, ते त्या वर्षांत वऱ्हाडात नोकरी केलेल्यांनाच कळेल. कापसानं मान टाकली होती, पाऊस भरवशाचा नव्हता, आणि गावागावांतून वाईट बातम्या येत होत्या. त्या मागोमाग यायच्या समित्या, पथकं आणि दिव्याच्या गाड्या. आज मुंबईहून कुणी, उद्या दिल्लीहून कुणी. कृषी खात्यातल्या माणसांच्या रजा रद्द. डॉक्टरीणबाई म्हणायच्या बुधवार, आणि बुधवारीच साहेबांचा दौरा निघायचा. मी गणिताची बाई असून हा योगायोग मला कधी मांडता आला नाही. नवरा बिचारा दौरा आटोपून बाळापूर, तिथून अकोला, तिथून अमरावती असा धुळीनं माखून यायचा आणि जेवता जेवता पेंगायचा. सकाळी उठून परत. राजापेठेतल्या शेजारणी विचारू लागल्या, "काय हो मॅडम, तुमचे मिस्टर आताशा बुधवारीही दिसतात?" मी सांगायची, सरकारी काम आहे. एका अर्थी खोटं नव्हतं.

असे तीन महिने गेले आणि बाईंनी गोळी लिहून दिली.

राजापेठेत विकत घ्यायची सोय नव्हती. मेडिकलवाल्याची मुलगी माझ्या शिकवणीत होती आणि बाप काउंटरवरच मला तिच्या मार्कांचं विचारायचा. म्हणून मी अकोल्याला आईकडे गेले तेव्हा तिथल्या अनोळखी दुकानात शिरले. दुकानदारानं चिठ्ठी पाहिली, मग मला पाहिलं आणि म्हणाला, "ताई, ओळखलं नाही? मी तुमच्या धाकट्याच्या वर्गात होतो." मी म्हटलं, "गोळ्या शाळेतल्या एका बाईंसाठी आहेत." "हो, हो," तो म्हणाला, "त्या बाईंना सांगा, काळजी नका करू. माझ्या वहिनीला याच लागू पडल्या." मी पैसे टाकले आणि चपला घासत बाहेर पडले.

आईला सांगायचं नव्हतं, पण तिनं चेहऱ्यावरून ओळखलं. ती ओसरीवर शेंगदाणे निवडत होती. "गोळी घेतली त तीन-तीन होतात म्हंते," ती म्हणाली.

"तीन झाली तर एक तुझ्याकडे ठेवीन."

"ठेव ना. मले काय जड हाय?" तिनं दाण्यांतला एक खडा उचलून अंगणात फेकला. "आमच्यापायी तुहं वय गेलं, माय," ती खाली पाहूनच म्हणाली.

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी म्हटलं, "दाणे भाज आता, किती निवडशील." ती उठून भाजायला गेली.

गोळ्यांची पट्टी मी पर्समध्ये ठेवली. पाळी आली, ठरलेला दिवस आला, आणि मी गोळी घेतली नाही. पुढच्या महिन्यातही नाही. नवऱ्याला सांगितलं, परीक्षा आहेत, पेपर तपासायचे आहेत, या धामधुमीत चिडचिड परवडणार नाही. तो म्हणाला, बरं. एकदा मात्र त्यानं धीर द्यायचा प्रयत्न केला. गोणपाट उलगडून मला दाणे दाखवले आणि म्हणाला, "हे पाहा, जुनं बियाणंही उगवतं. फक्त पेरताना एकरी थोडं जास्त घ्यावं लागतं."

मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी शाळेत फळ्यासमोर उभी असताना ते वाक्य आठवलं आणि मला एवढं हसू आलं, की नववीचा वर्ग घाबरून गप्प बसला. पण म्हणून गोळी काही मी घेतली नाही.

का घेत नव्हते, ते मलाही धड सांगता येत नव्हतं. गरम वाफांची भीती नव्हती. वऱ्हाडात उन्हाळे काढलेल्या बाईला कोण वाफांचं भय घालणार? जुळ्याची तर मला उलट हौसच होती. एवढंच कळत होतं, की गोळी पर्समध्ये आहे तोवर एक रस्ता शिल्लक आहे. घेतली आणि काही झालं नाही तर तोही उरणार नाही.

संक्रांतीनंतर नवऱ्याच्या गावात महिलांचा मेळावा ठरला. तिथल्या बचत गटातल्या बायांनी निरोप धाडला, की भाऊंच्या मॅडमनी यावं आणि पोरींना गणित कसं शिकवायचं ते सांगावं. एका शनिवारी मी गेले. शाळेच्या वऱ्हांड्यात पन्नासेक बाया सतरंजीवर बसल्या होत्या. नऊवारीतल्या, पाचवारीतल्या, दोघी-तिघी बुरख्याचा नकाब मागे टाकलेल्या. मी फळ्यावर अपूर्णांक काढले, भाकरीचे चार तुकडे, आठ तुकडे. बाया मन लावून ऐकत होत्या. मध्येच एकमेकींकडे पाहून हसत होत्या, मला वाटलं अपूर्णांकांना हसताहेत.

शेवटी मी म्हटलं, "कुणाला काही विचारायचंय?"

पुढच्या रांगेतल्या म्हातारीनं हात वर केला. "वैनी, गोळी चालू केली का?"

मला आधी कळलंच नाही. "कसली गोळी?"

"अवं, लेकराची. भाऊ म्हने तुमी पर्समंदीच ठिवली. काहून घेऊन नाई राह्यल्या?"

मागून एक मुसलमान बाई म्हणाली, "खा लो ना भाभी, डरनेका क्या है उसमें. माझ्या भावजयले त्याच गोळीनं पोरगा झाला, काय गोरागोमटा हाय."

मी वऱ्हांड्याच्या टोकाला पाहिलं. नवरा तिथे खांबाला टेकून उभा होता. माझे डोळे पाहून तो खांबामागे गेला.

मेळावा कसा संपला मला आठवत नाही. एवढंच आठवतं, की मी तडतडत शाळेच्या फाटकाबाहेर पडले आणि कुठे जायचं ते माहीत नसताना सरळ चालू लागले. मागून एक तरुण बाई धावत आली. तिशीच्या आतबाहेरची, कपाळ मोकळं, हातात सतरंजीची घडी. "वैनी, बस तासाभरानं हाय," ती म्हणाली. "तवर माह्या घरी चहा घ्या. रागात चहा चांगला लागते."

तिचं घर गावाच्या कडेला होतं. अंगणात गांडूळखताचा हौद, भिंतीला निंबोळ्यांची पोती. तिच्या नवऱ्याला त्या वर्षांनी नेलं होतं, हे मला माझ्या नवऱ्यानं पूर्वी सांगितलं होतं. तेव्हापासून तीच शेती पाहत होती आणि बचत गटाची सचिवही तीच होती.

"मीच इचारलं भाऊले," चूल पेटवता पेटवता ती म्हणाली. "बुधवारी मीटिंग अर्धी टाकून बसकडं पळत होते. मी म्हटलं, भाऊ, दुसरं घर केलं का अमरावतीले? त्यायच्या तोंडचं पानीच पळालं. मंग सांगतलं सारं. खोटं नाई बोलता येत त्यायले."

"आणि तुम्ही गावाला सांगितलं."

"मी एकीलेच सांगतलं." ती गालातल्या गालात हसली. "पन ती एकच पुरते आमच्या गावाले."

मला हसायचं नव्हतं. मी म्हटलं, हा आमच्या घरातला प्रश्न आहे, चावडीवरचा नाही. मी शिक्षिका आहे, मला मान आहे, आणि बरंच काही. ती चहा गाळत सगळं ऐकत राहिली. कप माझ्या हातात देऊन समोर बसली.

"रागावू नका त एक सांगू? दोन वर्षं झाले, या गावात कोनी पेढे वाटले नाईत. लग्नं झाले, पन हात आखडता घेऊन, लपूनछपून. गाडी येऊन थांबली की बाया दारात येऊन उभ्या राहातात, काय आइकावं लागते म्हनून. अन भाऊची गोष्ट कळली तवापासून मानसं रस्त्यात हासून इचारतात, भाऊ, आज कितीची बस हाय? पारावरचे म्हातारे बुधवार लक्षात ठिवतात. आमाले वाट पाहाले काहीतरी चांगलं भेटलं, वैनी. चूक झाली, पन वाईट मनानं नाई झाली."

चहात गवती चहा होता आणि तो खरंच चांगला लागत होता.

"अन नाई घ्यावी वाटली गोळी त नका घेऊ," ती म्हणाली. "कोनाच्या म्हनन्यानं घेऊ नका. नाई झालं लेकरू तरी तुमी आमच्या वैनीच हा. फक्त मनात असून घेतली नाई, असं नका करू."

बसमध्ये नवरा माझ्या शेजारी अंग चोरून बसला होता. मूर्तिजापूर येईपर्यंत मी त्याच्याकडे पाठ करून बसले. खिडकीबाहेर कापसाच्या पऱ्हाट्या काढलेली काळी वावरं मागे जात होती आणि मला हळूहळू एक गोष्ट कळत होती. मी गोळीला भीत नव्हते. मला काहीतरी हवंय हे कुणी पाहील, त्याला मी भीत होते. उभ्या आयुष्यात मी स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. भावाची फी मागितली, बहिणीच्या लग्नाला उसने मागितले, शाळेसाठी खडू मागितले. मला मूल हवंय, हे वाक्य मी आईलासुद्धा म्हटलं नव्हतं. आणि आता पन्नास बायांना ते माहीत झालं होतं, पारावरच्या म्हाताऱ्यांना माहीत झालं होतं, आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं. उलट लोक आमच्यासाठी बसची वेळ पाहत होते. मला एकदम फार हलकं वाटलं.

"पर्समध्ये पाण्याची बाटली आहे का बघ," मी नवऱ्याला म्हटलं.

"आज कशी घेशील? दिवस यायचाय अजून," तो घाबरून म्हणाला.

"तहान लागलीय मला."

त्यानं बाटली दिली. मग थोड्या वेळानं विचारलं, "म्हणजे घेणार?"

"घेणार. आणि तू पुन्हा बियाण्याचं नाव काढलंस तर तुझं गोणपाट जाळून टाकीन."

तो अमरावती येईपर्यंत खिडकीबाहेर पाहून हसत होता.

पहिल्या महिन्यात गरम वाफा आल्या. वर्गात मी पंख्याखाली उभी राहून शिकवायची आणि थंडीत मुलं स्वेटरात कुडकुडायची. चिडचिड झाली की नाही ते मला माहीत नाही, नवरा म्हणाला, फारसा फरक कळला नाही. बीज तयार झालं, तो वेळेवर आला, पण महिनाअखेर पाळी आली. मी न्हाणीघरात नळ सोडून रडले आणि मग शिकवणीला गेले. दुसऱ्या महिन्यातही तेच. बाई म्हणाल्या, अजून एक-दोनदा पाहू, मग थांबू आणि पुढचा विचार करू.

त्यानंतरच्या महिन्यात बाईंनी दिवस सांगितला आणि नवऱ्याचा फोन आला, की त्याच दिवशी गावात मोठा दौरा आहे. वरचे साहेब, खालचे साहेब, सगळे. तो म्हणाला, "मी काहीच करू शकत नाही." मी म्हटलं, "राहू दे." फोन ठेवल्यावर मी गोळीची रिकामी पट्टी कचऱ्यात टाकली. यावेळचं गेलंच, असं मी धरून चालले.

त्या दिवशी उन्हं कलायच्या आधी मी शिकवणीत समीकरणं शिकवत होते, तर दारात नवरा. घामानं निथळत, खिशाला दौऱ्याचा बिल्ला तसाच लटकलेला. मी वर्ग सोडून दिला. पोरं आनंदानं ओरडत पळाली, मेडिकलवाल्याची मुलगी तेवढी वळून वळून पाहत गेली.

गावानं काय केलं ते सचिव बाईनं त्याला बसमध्ये फोनवर कळवलं होतं, ते तो सांगत होता आणि हसता हसता त्याला ठसका लागत होता. दौऱ्याच्या गाड्या फाट्यावर दिसताच सचिव बाईनं त्याला तिच्या दिराच्या मोटारसायकलवर बसवून मागच्या पांदणीच्या वाटेनं काढून दिलं. साहेबांनी विचारलं, कृषी सहायक कुठे आहेत? ती म्हणाली, "आत्ता त होते, नाल्याकडल्या वावरात गेले." साहेब नाल्यावर गेले, तर तिथला म्हातारा म्हणाला, "आत्ताच विहिरीकडं गेले." विहिरीवर बायांनी सांगितलं, शाळेत. शाळेत मुलांनी स्वागतगीत म्हटलं, सगळी कडवी. मग तिनं साहेबांना स्वतः गांडूळखताचा हौद दाखवला, निंबोळी अर्क कसा करायचा ते सांगितलं, मातीत हात घालून गांडुळं बाहेर काढून दाखवली. साहेब इतके खूश झाले, की जाताना म्हणाले, तुमचा कृषी सहायक फार फिरतीवर असतो, चांगलं काम आहे त्याचं.

"पुढे प्रशस्तिपत्र मिळालं तर कुणाला द्यायचं?" मी विचारलं.

"तिलाच," नवरा म्हणाला.

त्या महिन्यात पाळी आली नाही. मी चार दिवस कुणाला सांगितलं नाही, पाचव्या दिवशी तपासणी केली, आणि डॉक्टरीणबाईंनी कागद माझ्यापुढे सरकवून फक्त मान डोलावली. मी त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून हसले, रडले, दोन्ही केलं. घरी येऊन अकोल्याला आईला फोन लावला. ती म्हणाली, "किती?" मी म्हटलं, "सध्या एकच धर." ती म्हणाली, "चालते."

गावाला तिसऱ्या महिन्यापर्यंत सांगायचं नाही, असं मी नवऱ्याकडून वचन घेतलं. त्यानं ते तंतोतंत पाळलं, तोंडातून शब्द काढला नाही. पण बुधवारी पळायचा बंद झाला, आणि पारावरच्या म्हाताऱ्यांना तेवढं पुरलं.

मुलगी झाली. बाळंतपण अवघड गेलं, पण ते मी इथे लिहीत नाही, कारण ती हातात आली तेव्हा मी ते विसरले आणि आता मुद्दाम आठवायची इच्छा नाही. नवरा पेढे घेऊन गावाला गेला, घरोघर फिरला. येताना त्याच्या पिशवीत पेढ्यांच्या जागी दुपटी, टोपडी, बाळंतलाडू आणि एक जिवंत कोंबडी होती.

बारसं अमरावतीलाच ठेवलं. आईला सगळी तयारी करायची होती, पण एका गोष्टीवर ती अडून बसली. "बाळाच्या कानात नाव कोन सांगन? आत्या कुठी हाय? नणंद नाई म्हनून लई खूश होतीस ना?" मी म्हटलं, मावशी सांगेल. आई म्हणाली, "मावशीचं काम नोहे ते. बापाची बहीनच लागते."

बारशाच्या दिवशी दुपारी राजापेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मेटॅडोर येऊन अडकली. शिकवणीची पोरं सायकली हातात धरून पाहत राहिली आणि मेटॅडोरमधून बाया उतरतच राहिल्या. नऊवारी, पाचवारी, मागे टाकलेले नकाब. पारावरचे दोन म्हातारेही सोबत, स्वच्छ धोतरं नेसून. घर भरलं, जिना भरला, उरलेल्या बाया घरमालकाच्या पडवीत बसल्या. आधी त्रिशरण-पंचशील झालं. मग बाळ पाळण्यात घातलं आणि आईनं सगळ्यांसमोर विचारलं, "आत्या कोन?"

एकदम गलका झाला. म्हातारी म्हणाली मी, पहिले इचारलं मी. दुसरी म्हणाली, दुपटं मी शिवलं. मुसलमान बाई म्हणाली, भाईजान म्हणते मी त्यांना, मेरा भी हक है. सचिव बाई मात्र दाराशी उभी होती, चौकटीच्या बाहेर. शुभकार्यात पुढे यायचं नाही, हे नवरा गेल्यापासून तिच्या अंगवळणी पडलं होतं, किंवा कुणीतरी पाडलं होतं. गांडुळांचा हौद दाखवायला साहेबांच्या पुढे चालणारी बाई माझ्या दारात अंग चोरून उभी होती. मला भयंकर राग आला.

नवरा काही बोलत नाही अशा वेळी. पण तो उठला, दाराशी गेला आणि म्हणाला, "ताई, चल."

"मी नाई, भाऊ. दुसरं कोनी पाहा."

"पहिल्या दिवसापासून भाऊ म्हणतेस ना मला?" तो म्हणाला. "मग माझ्या लेकीची आत्या कोण?"

माझी आई पुढे झाली. पांढऱ्या साडीतली, वीस वर्षांपूर्वी नवरा गेलेली माझी आई. तिनं तिचा हात धरला आणि तिला सरळ पाळण्यापाशी आणून बसवलं. "खाली वाक," आई म्हणाली.

ती वाकली. बाळाच्या कानाशी तोंड नेऊन तिनं नाव सांगितलं. ते इथे लिहीत नाही, ते माझ्या लेकीचं आहे. आणि आत्या नाव सांगत असताना तिच्या पाठीत बुक्के मारायचे असतात, हे अख्ख्या मेटॅडोरला माहीत होतं.

इतकी वर्षं त्या गावानं तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवला होता. हळू, जपून, कीव करत. आता बाया एकमेकींना ढकलून पुढे आल्या आणि बुक्के पडू लागले. म्हातारीचे, मुसलमान बाईचे, माझ्या आईचे. "कुर्रर्र" असा एकच आवाज उठला. मीही हात आखडला नाही, चांगले दोन घातले, बाळंतीण असून. ती ओरडली, "अवं माय, मारता का मले?" आणि पाळण्याची काठी धरून हसू लागली. आधी खालच्या मानेनं, मग तोंड वर करून, मोठ्यानं. बाया थांबल्या. दारातले दोन म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले. तिचं हसू त्या गावात कुणी विसरलं नव्हतं, फक्त फार दिवसांत ऐकलं नव्हतं.

बाळ दचकून जागं झालं आणि भोकाड पसरलं. तिनंच उचललं त्याला, आत्यानं.